अण्णांच्या शिंका आणि आपल्या गावाची हवा

पोस्ट मोठी आहे. पण घरात साठीच्या पुढचं कुणी असेल तर शेवटपर्यंत वाचा, एवढी विनंती.

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. रात्रीचे दोन वाजले असतील. आईनं खोलीचं दार वाजवलं. "ऊठ रे, अण्णांना लघवी होईना झालीय."

अण्णा, म्हणजे माझे वडील, ७६ वर्षांचे. निवृत्त प्राथमिक शिक्षक. उभ्या आयुष्यात स्वतःच्या दुखण्याबद्दल चार वाक्यं बोलले नसतील. त्या रात्री कॉटच्या कडेला ओठ आवळून बसले होते. अंगावर घाम, आणि ओटीपोट फुगून दगडासारखं कडक झालेलं. मोटरसायकलवर बसवणं शक्य नव्हतं. शेजाऱ्याला उठवलं, त्याच्या गाडीतून दवाखाना गाठला. नळी घातली तेव्हा कुठे माणूस श्वास घ्यायला लागला.

ड्युटीवर एक तरुण डॉक्टर होता. त्यानं पहिला प्रश्न विचारला, "आजोबा, सर्दीसाठी काही घेतलंय का?"

मी खिशातून गोळ्यांची पट्टी काढून दिली. तीन दिवसांपूर्वी मीच मेडिकलमधून आणली होती. चिठ्ठी नव्हती. "सर्दीचं काहीतरी द्या" म्हटलं, त्यानं दिली. आपण सगळे असंच करतो.

डॉक्टरनं शांतपणे समजावलं. या वयात पुरुषांची प्रोस्टेट ग्रंथी बहुतेक वेळा वाढलेली असते. सर्दीच्या जुन्या पद्धतीच्या गोळीत दोन औषधं असतात. एक नाक सुकवतं, पण त्याच वेळी मूत्राशयाचा जोर कमी करतं. दुसरं चोंदलेलं नाक मोकळं करतं, पण लघवीची वाट आवळतं आणि ब्लडप्रेशरही वाढवू शकतं. तरुण माणसाला या गोळीनं फार तर झोप येते. म्हाताऱ्या माणसाची लघवी अडू शकते, तोल जाऊ शकतो, कधीकधी रात्रीत बरळायला लागतो.

म्हणजे माझ्या वडिलांना त्या रात्री जो त्रास झाला, तो मी विकत आणलेला होता. घरी येताना हे एकच डोक्यात होतं.

पण मग पुढचा प्रश्न आला. गोळी आणली कशासाठी? शिंकांसाठी. आणि शिंका कशासाठी?

दिवाळी झाली की अण्णांचं सुरू होतं. पहाटे पाचला सलग पंधरा-वीस शिंका. नाकातून पाणी, डोळे लाल, चोळून चोळून सुजलेले. रात्री आडवं झालं की खोकला. मार्च-एप्रिलपर्यंत हे चालतं, पहिले दोन पाऊस पडले की जातं. चार-पाच वर्षं झाली असतील. डॉक्टर बदलले, काढे झाले, हळद-दूध झालं. सगळीकडे एकच उत्तर. "वय झालं आता. चालायचंच."

मीही तेच म्हणत होतो.

त्या प्रकारानंतर मी मारुतीच्या पारावर जाऊन बसायला लागलो. तिथं रोज सकाळी निवृत्त मंडळींचा कट्टा भरतो. एसटीचे दोन कंडक्टर, एक तलाठी, बाकीचे शेतकरी. विषय काढला आणि प्रत्येकाकडे काहीतरी निघालंच. एकाला थंडीत डोळ्यांची आग. एकाच्या छातीत रात्री शिट्टी वाजते. एकाला चार महिने वासच येत नाही. एक आजोबा म्हणाले, "लेका, आमच्या घरात दोन माणसं राहतात, एक मी आणि एक माझा खोकला."

हसलो सगळे. पण हे सगळे दिवाळीनंतरच कसे काय आजारी पडतात? वय काय फक्त नोव्हेंबर ते एप्रिल होतं का?

आता आपल्या तालुक्यात नोव्हेंबर ते एप्रिल काय होतं ते बघू. सांगायची गरज नाही, तुम्हाला माहीतच आहे. साखर कारखान्याचा गळीत हंगाम असतो. ऊस तुटला की फडात पाचट पेटवलं जातं. वीटभट्ट्या लागतात. रस्त्यांची कामं मार्चअखेरच्या आत उरकायची म्हणून जोरात असतात, खडी क्रशर रात्रंदिवस चालतात, मुरमाचे डंपर ताडपत्री न टाकता गावातून जातात. कचरा डेपोला आग "आपोआप" लागते आणि आठवडाभर धुमसते. या सगळ्यावर थंडी. थंडीत रात्री जमिनीजवळची हवा गार आणि जड होते, वरची त्यामानानं गरम राहते. झाकण ठेवल्यासारखं होतं. धूर वर जातच नाही, गावातच तरंगत राहतो. पहाटे माळावरून बघा, गावावर निळसर पट्टा दिसतो. आपण त्याला धुकं म्हणतो. धुकं असेल तर घशाला खवखव का होते?

आणि नेमक्या याच वेळेला, पहाटे पाचला, आपले सगळे म्हातारे "शुद्ध हवा" खायला फिरायला जातात. थंडीतली सगळ्यात वाईट हवा बहुतेक वेळा तीच असते.

मी डॉक्टर नाही. पत्रकारितेची पदविका आहे माझ्याकडे. पण गेले काही महिने डॉक्टरांशी बोलून, वाचून जे समजलं ते साध्या शब्दांत मांडतो.

हवेतल्या बारीक कणांना पीएम १० आणि पीएम २.५ म्हणतात. आकडा म्हणजे कणाची जाडी, मायक्रॉनमध्ये. आपला केस साधारण ७० मायक्रॉनचा धरला, तर पीएम २.५ हा कण त्याच्या तिसाव्या भागाइतका. मोठी धूळ नाकातल्या केसांत, शेंबडात अडकते. शिंकलं, खाकरलं की बाहेर. बारीक कण थेट फुप्फुसाच्या तळाशी जातात, काही रक्तातही उतरतात.

नाकाच्या आतलं अस्तर म्हणजे घराचा उंबरठा. धूर आणि धूळ त्या अस्तराला रोज ओरबाडतात, सूज आणतात. मग परागकण, बुरशी, घरातली धूळ यांना आत जायला वाट मोकळी. शिवाय डिझेलच्या धुरातले कण परागकणांना चिकटतात आणि अ‍ॅलर्जी जास्त जोरात उठवतात, असं अभ्यासांतून दिसलेलं आहे. म्हणजे जे गाजर गवत, आपल्याकडचं काँग्रेस गवत, रस्त्याकडेला आधीपासून होतंच, त्याचा त्रास धुरामुळे वाढतो.

वय या गोष्टीत येतं, पण वेगळ्या पद्धतीनं. वय वाढलं की नाकाचं अस्तर पातळ आणि कोरडं होतं. घाण बाहेर ढकलण्याचा वेग मंदावतो. खोकल्याचा जोर कमी होतो. आत गेलेलं तरुणापेक्षा जास्त वेळ आत राहतं. म्हणजे म्हातारपणी माणसाची ढाल पातळ होते हे खरं. पण ढाल पातळ झाली म्हणून मारणाऱ्याला सोडून द्यायचं आणि ढालीलाच नावं ठेवायची, हा कुठला न्याय?

आणखी एक. प्रत्येक शिंक अ‍ॅलर्जीचीच नसते. म्हाताऱ्या माणसांत अ‍ॅलर्जी नसताना नुसत्या धुरानं, गार हवेनं, फोडणीच्या ठसक्यानं नाक वाहणं बरंच आढळतं. ब्लडप्रेशरच्या काही गोळ्यांनी, रामिप्रिल, एनालाप्रिल यांसारख्या, कोरडा खोकला लागतो. वर्षभर खोकल्याची औषधं पितात आणि कारण असतं बीपीची गोळी. दम लागतो तो हृदयाचाही असू शकतो. टीबीही असू शकतो. दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल तर थुंकी तपासलीच पाहिजे, सरकारी दवाखान्यात ती फुकट होते. म्हणून म्हणतो, "वय झालं" हे निदान नव्हे. ती टाळाटाळ आहे.

बायकांचं तर विचारूच नका. माझ्या आईनं चाळीस वर्षं चुलीवर स्वयंपाक केला. घरी गॅस आला तेव्हा तिची पन्नाशी उलटली होती. आयुष्यात विडीला हात न लावलेल्या बायकांची फुप्फुसं सिगारेट ओढणाऱ्यासारखी झालेली असतात ती या चुलीच्या धुरानं. उज्ज्वला योजना २०१६ साली आली, चांगलीच गोष्ट झाली. पण आधीची चाळीस वर्षं पुसली जात नाहीत. आणि सिलिंडर महाग झाला की पाणी तापवायला पुन्हा चूल पेटते, हेही आपण बघतोच. अशा बाईच्या छातीत वर्षातले पाच महिने पाचटाचा आणि कचऱ्याचा धूर जातो. ती दवाखान्यात जात नाही. "मला मेलीला काय झालंय" म्हणते आणि पदर नाकाला लावून भाकरी थापते. पदरानं, गमछानं बारीक कण अडत नाहीत.

आता मूळ मुद्द्यावर येतो.

आपल्या गावची हवा किती खराब आहे? कुणीच सांगू शकत नाही. कारण ती मोजली जात नाही.

मी संबंधित कार्यालयात विचारलं. तालुक्यात हवा मोजण्याचं केंद्र नाही. मोबाईलवर आपल्या गावाचं नाव टाकलं की जो आकडा दिसतो, तो लांबच्या शहरातला किंवा उपग्रहावरून काढलेला अंदाज असतो. केंद्र सरकारनं २०१९ च्या जानेवारीत राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम आणला. त्यात देशातली शंभरहून जास्त शहरं आहेत. महाराष्ट्रातली मुंबई, पुणे, नागपूर आहेतच, पण सोलापूर, सांगली, कोल्हापूर, जालना, लातूर, अकोला, जळगाव, चंद्रपूरसुद्धा आहेत. ही शहरं यादीत आली कारण तिथं मोजलं गेलं आणि हवा सलग काही वर्षं मर्यादेबाहेर निघाली. जिथं मोजलंच नाही, ते गाव यादीत येणार कसं? यादीत नाही म्हणून निधी नाही. निधी नाही म्हणून यंत्र नाही. यंत्र नाही म्हणून आकडा नाही. आकडा नाही म्हणजे प्रदूषण नाही. संपला विषय.

चंद्रपूरचं उदाहरण घ्या. २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं देशातल्या प्रदूषित औद्योगिक पट्ट्यांची यादी केली, त्यात चंद्रपूर चौथं आलं, ८३.८८ गुण. तिथली माणसं आजही सोसत आहेत, पण निदान त्यांच्या हातात एक कागद आहे. तो घेऊन ते कोर्टात जाऊ शकतात, सभागृहात प्रश्न विचारू शकतात. मुंबईची हवा बिघडली तेव्हा २०२३ साली उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली, फटाक्यांच्या वेळासुद्धा ठरवून दिल्या. आमची हवा ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवरही येत नाही.

मर्यादा किती आहे तेही सांगतो. आपल्या देशाच्या मानकाप्रमाणे पीएम २.५ ची वार्षिक सरासरी घनमीटरला ४० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नको. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ साली हीच मर्यादा ५ वर आणली. म्हणजे आपलं "ठीक" हे त्यांच्या मर्यादेच्या आठपट. आणि आपण त्या ४० च्या आत आहोत की बाहेर, तेवढंही आपल्याला माहीत नाही.

आता थोडं स्वतःबद्दल. नाहीतर तुम्ही म्हणाल पत्रकार दुसऱ्यालाच शहाणपण शिकवतो.

मी वीस वर्षं तालुका वार्ताहर आहे. ज्यांना हे काम माहीत आहे त्यांना माहीत आहे की बातमीबरोबर जाहिरातही आम्हीच आणायची असते. पुरवणीचं टार्गेट असतं. बॉयलर अग्निप्रदीपनाची जाहिरात, मोळी टाकण्याच्या कार्यक्रमाची जाहिरात, चेअरमनसाहेबांच्या वाढदिवसाचं पान, सगळं येतं ते तिकडूनच. क्रशरवाले कोण आहेत आणि डंपर कुणाचे आहेत हेही गावाला माहीत आहे. वीस वर्षांत मी काजळीवर किती बातम्या केल्या? आठवून बघितलं. दोन. त्यातली एक आतल्या पानावर, चार ओळी, "नागरिकांत नाराजी". गच्चीवर वाळत घातलेल्या अण्णांच्या धोतरावर काळे ठिपके पडायचे आणि मी खाली बसून गाळपाचा नवा उच्चांक लिहायचो.

हे लिहायला लाज वाटते. पण त्या रात्री दवाखान्याच्या बाकावर बसून हेच आठवत होतं.

काही मित्र म्हणतील, कारखाना बंद पाडायला निघालास का? अजिबात नाही. या कारखान्यावर गाव उभं आहे. माझं शिक्षण अण्णांच्या पगारावर आणि काकांच्या उसाच्या बिलावर झालंय. पण उसाचा चोथा जाळताना चिमणीतून राख बाहेर पडू नये यासाठी यंत्रणा असते, ती बसवणं आणि चालू ठेवणं कारखान्यावर बंधनकारक आहे. साखर उद्योग हा केंद्रीय मंडळाच्या सर्वाधिक प्रदूषण करणाऱ्या १७ उद्योगांच्या यादीत आहे. या उद्योगांना चिमणीवर चोवीस तास मोजणारं ऑनलाइन यंत्र लावायला २०१४ सालीच सांगितलंय. म्हणजे धुराचे आकडे कुठल्यातरी सर्व्हरवर दर मिनिटाला जात असले पाहिजेत. मग तेच आकडे गेटवर एका बोर्डावर दाखवायला काय हरकत आहे? रोजचं गाळप आणि उतारा मोठ्या अक्षरात लिहिता ना? त्याखाली एक ओळ धुराची लिहा. सगळं नियमात असेल तर अभिमानानं लिहा.

दुसरे म्हणतील, शेतकऱ्यानं पाचट जाळू नये तर काय करावं? रास्त प्रश्न आहे. मजूर मिळत नाहीत, पुढची मशागत खोळंबते. पण हेक्टरी साधारण ८ ते १० टन पाचट निघतं, आणि ते जाळणं म्हणजे खतच जाळणं, हे कृषी विद्यापीठं कित्येक वर्षांपासून सांगत आहेत. खोडव्यात सरीत पाचट दाबलं, कुट्टी करून पसरलं तर ओल टिकते, तण कमी येतं. आपल्याच तालुक्यात हे करणारे शेतकरी आहेत. अडचण कुट्टी यंत्राची आहे. एका यंत्रासाठी किती जणांनी नंबर लावायचा? सोसायटीनं, कारखान्यानं गटवार यंत्रं दिली, तर काडीपेटी आपोआप खिशात राहील. शेतकऱ्यावर गुन्हे दाखल करून हे होणार नाही, आणि व्हायलाही नको.

तिसरा वर्ग म्हणतो, "धूळ काय पूर्वी नव्हती? आमचे आजोबा नव्वद वर्षं जगले." होती ना. बैलगाडीची धूळ होती. पण त्यात प्लास्टिक, टायर आणि डायपर जाळल्याचा धूर नव्हता. दिवसाला शंभर डंपर नव्हते. आणि तुमचे आजोबा नव्वद जगले ते आठवतं, पण पन्नाशीत "दम्यानं गेले" ते चुलत आजोबा कुणी मोजले?

कचरा डेपोबद्दल मात्र मला कुणाचंच ऐकून घ्यायचं नाही. तिथं कुणाच्या पोटापाण्याचा प्रश्न नाही. उघड्यावर कचरा जाळायला २०१६ च्या घनकचरा नियमांनी बंदी घातली. त्याच वर्षी डिसेंबरात राष्ट्रीय हरित लवादानं साध्या कचरा जाळण्याला ५ हजार आणि मोठ्या प्रमाणावर जाळण्याला २५ हजार रुपये दंड सांगितला. आपल्या गावात आजवर कुणाला झाला असेल तर पावती दाखवा, मी पहिल्या पानावर छापून आणतो. गल्लीत पालापाचोळा पेटवणारा सफाई कामगार दोषी नाही, त्याला गाडीच मिळत नाही. दोषी त्याला गाडी न देणारे आहेत.

सरकार म्हाताऱ्यांसाठी काही करत नाही असंही नाही. २०२४ च्या ऑक्टोबरपासून सत्तरीच्या वरच्या प्रत्येकाला आयुष्मान कार्डावर वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार आहेत, उत्पन्नाची अट नाही. कार्ड काढा, उपयोगी आहे. पण ते दवाखान्यात भरती झाल्यावरच. अण्णांना लागतो नाकातला स्प्रे आणि कट्ट्यावरच्या आजोबांना लागतो इनहेलर, दर महिन्याला, कायम. तो स्वतःच्या पैशानं. पेन्शन नसलेला शेतकरी तो परवडेल तेव्हा घेतो, नाही परवडला की सोडतो, आणि दम कोंडला की भरती होतो. तेव्हा सरकार हजारो रुपये भरतं. आधीच ग्रामीण रुग्णालयात इनहेलर वेळेवर मिळाला असता तर?

इनहेलरवरूनही एक गैरसमज काढून टाका. "त्याची सवय लागते" म्हणून लोक घाबरतात आणि मेडिकलमधून स्टेरॉईडच्या गोळ्या आणून खातात. गोळीतलं औषध मिलिग्रॅममध्ये असतं, इनहेलरमधलं मायक्रोग्रॅममध्ये, म्हणजे हजाराव्या भागाच्या हिशेबात, आणि ते थेट श्वासनलिकेत जातं. महिनोन्‌महिने गोळ्या खाल्ल्यानं साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, मोतीबिंदू लवकर येतो. नाक मोकळं करणारे ड्रॉप्ससुद्धा आठवडाभराच्या वर वापरले की नाक उलट जास्त चोंदतं. हे कुणी सांगत नाही.

आमच्या घरी काय बदललं ते सांगतो, कुणाला उपयोग झाला तर.

अण्णांची गोळी बंद झाली. डॉक्टरांनी तपासून नाकातला स्प्रे दिला. पहिले आठ दिवस काही फरक पडेना, अण्णा वैतागले. दुसऱ्या आठवड्यात शिंका निम्म्यावर आल्या. पहाटेचं फिरणं बंद, ऊन वर आल्यावर आठ-साडेआठला जातात. कट्ट्याचीही वेळ त्यांनी बदलायला लावली, शिक्षकच शेवटी. घरात मच्छर अगरबत्ती बंद केली, मच्छरदाणी लावली. एका कॉइलमधून साधारण शंभर सिगारेटींइतके बारीक कण निघतात, हे वाचल्यावर मी स्वतःच डोक्याला हात लावला. दारं-खिडक्या बंद करून आपण रात्रभर ती म्हाताऱ्यांच्या उशाशी लावतो! घर झाडण्याऐवजी ओल्या फडक्यानं पुसणं सुरू केलं. रस्त्याचं काम चालू असेल तिकडून जायचं असेल तर एन-९५ मास्क, नाकाला नीट बसवून. एवढं केलं, बराच फरक पडला.

पण ज्या रात्री डेपो पेटतो त्या रात्री अण्णा खोकतातच. खिडक्या बंद करून, स्प्रे मारून, मच्छरदाणीत झोपूनसुद्धा. घरात करण्यासारखं सगळं केलं तरी हवा शेवटी सगळ्यांची एकच आहे, आणि तिच्यापुरता माणूस कितीही शिकलेला, कितीही पैसेवाला असला तरी उपयोग नाही. चेअरमनसाहेबांच्या मातोश्रीही ऐंशीच्या आहेत. त्यांनाही खोकला आहे.

म्हणून चार मागण्या. फार मोठ्या नाहीत.

एक, तालुक्याच्या ठिकाणी हवा मोजणारं एक यंत्र. जागा मी सांगतो, नगरपालिकेच्या शाळेची गच्ची. आकडा रोज चौकातल्या फलकावर.

दोन, कचरा डेपोवर आग लागली की जबाबदार अधिकाऱ्याचं नाव जाहीर व्हावं. आग "आपोआप" लागणं बंद होईल.

तीन, खडी-मुरमाच्या गाडीवर ताडपत्री आणि काम चालू असलेल्या रस्त्यावर दिवसातून किमान दोनदा पाणी. हे सहसा ठेक्यातच लिहिलेलं असतं. ठेका वाचा, नसेल तर माहिती अधिकारात मागा.

चार, ग्रामीण रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस ज्येष्ठांसाठी श्वासाची तपासणी, फुंकर मारून फुप्फुसाची ताकद बघायचं यंत्र, आणि इनहेलर-स्प्रेचा न तुटणारा साठा.

निवेदन तयार आहे. सोमवारी सकाळी अकराला मी नगरपालिकेत आणि तिथून तहसीलला जाणार आहे. कट्ट्यावरची मंडळी येणार आहेत. अण्णाही येतो म्हणतात. "पस्तीस वर्षं पोरांना स्वच्छतेचा धडा शिकवला, आता त्यातलीच काही पोरं खुर्चीत बसलीत, त्यांची परीक्षा घ्यायचीय," असं म्हणाले.

ही पोस्ट माझ्या वर्तमानपत्रात छापून येईल का, माहीत नाही. पुरवणीचं टार्गेट यंदा पुरं होणार नाही, हे मात्र बहुतेक नक्की आहे.

तुमच्या घरात कुणी दिवाळीनंतर शिंकत असेल, रात्री खोकत असेल, तर "वय झालं" म्हणायच्या आधी एकदा गच्चीवर जाऊन बोट फिरवून बघा. बोटाला काय लागतं ते कमेंटमध्ये लिहा. आणि सोमवारी जमलं तर या.